उशीवरचा ओला डाग

फट्ट. वटारच्या वाडीत, चैत्राच्या उन्हात सावरीचं बोंड उकललं, तो आवाज मला अजून आठवतो. त्या बोंडातला कापूस म्हणजे मी. मनोरमाच्या आईने तो वेचला, बिया काढल्या, खोळीत भरला आणि लेकीच्या लग्नात मला तिच्याबरोबर चंदनसारला धाडलं. मी एक उशी आहे.

मनोरमाच्या नवऱ्याचं, प्रल्हादचं डोकं मी इतकी वर्षं सांभाळलं. तो शाळेची व्हॅन चालवतो. हल्ली दिवसाढवळ्या पेंगतो. जेवताना घास हातातच राहतो. परवा रेल्वेच्या फाटकापाशी व्हॅन उभी असताना मागच्या पोरांनी हाका मारून त्याला उठवलं.

"झोपलो नव्हतो. नुसते डोळे मिटले होते," तो घरी म्हणाला.

मनोरमाने त्याला बोळिंजला झोपेच्या दवाखान्यात नेलं. रोजची उशी बरोबर आणा, असं तिथे सांगतात. म्हणून मीही गेले. डोक्याला वायरी चिकटवून त्याला दिवसा पुन्हा पुन्हा अंधाऱ्या खोलीत निजवलं. झोप किती लवकर लागते, ते बघायचं होतं.

दर वेळी त्याचं डोकं जड झालं, मान सैल पडली, तोंडातली लाळ माझ्यात झिरपली. उठवलं की म्हणायचा, "जागाच होतो."

यंत्राने काढलेल्या रेघा वाचायला दवाखान्यातली दोघं तंत्रज्ञ बसली होती.

"ही झोप," निमिष म्हणाला.

"छे, नुसती पेंग आहे," एलिना म्हणाली.

"सकाळी हीच रेघ बघून तू झोप म्हणालीस."

"सकाळी तशी वाटली."

"मग पेंग कुणाला आलीय, त्याला की तुला?"

दोघं हसली. माझा जीव कासावीस झाला. अरे, रेघा राहू द्या, माझा अभ्रा बघा. त्याच्या मागे पोरं बसतात रे. किती ओरडले मी. उशीचं ओरडणं कापसातच मुरतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचं जुळत नाहीये. तिसऱ्याकडून वाचून घेऊ. तोवर गाडी चालवू नका."

"पण मी झोपलो, असं अजून ठरलं कुठे?" प्रल्हाद म्हणाला.

मला काखेत मारून तो बाहेर आला. पायरीवर मनोरमाची बोटं माझ्यावरून फिरली आणि ओल्या डागावर थांबली.

"अहो, हे बघा. हे तरी खोटं नाही ना? चावी द्या. शाळा सुटायला आलीय, मी दुसऱ्या कुणाला तरी फोन करते."

तिने हात पुढे केला. प्रल्हादने डागाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिच्या त्या हातावर मला ठेवलं, खिशातून चावी काढली आणि समोर उभ्या केलेल्या व्हॅनकडे चालू लागला.