अबोलीची अट

सुदेश परबांनी निवृत्तीनंतर कायमचं मालवणला राहायचं ठरवलं आणि मग ते बायकोला कळवलं. सत्यवतीबाई आल्या, पण अट घालून. "दिवाळीपर्यंत अंगणात अबोली फुलली तर रवतंय. नायतर मी चललंय मुंबयक, झिलाकडे. तुमी रवा हंय." मुलाकडे जायचं म्हणाल्या हसत, पण हसत म्हटलेलं त्या हमखास खरं करतात, हे परबांना संसारभराच्या अनुभवाने ठाऊक होतं.

कणकवलीहून रोपं आणून परब कामाला लागले. उभा जन्म लोकांच्या फायलींवर शेरे मारण्यात गेलेला. स्वतःचं काही जगवायचं म्हटल्यावर गडी बावचळला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी रोपं मलूल दिसली म्हणून पुन्हा पाणी. खाऱ्या वाऱ्याला झावळ्यांचा आडोसा केला. रोपांवर स्वतःची छत्री उभी केली आणि साहेब भर उन्हात बोडक्याने बाजारात गेले. मुळं धरली का, याची खात्री हवी म्हणून एक रोप उपटून पाहिलं. धरली होती, उपटेपर्यंत.

शेजारचा गणपत कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, झाडांका जरा येकटी सोडा. तुमका भिवान ती वाढनत नाय."

परबांनी नाइलाजाने सोडली, तर दिवाळी तोंडावर आली तेव्हा प्रत्येक रोपावर कळ्यांचे तुरे. परबांनी सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं आणि वाडीभर खत-पाण्यावर फुकटचे सल्ले वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर एकही तुरा नाही. त्यांनी गणपतच्या कोंबड्यांचा उद्धार केला, पण चूक स्वतःचीच होती. बायकोला आधी विचारलं असतं, तर फुलांच्या भरवशावर बसायची पाळी आली नसती. तिच्याशिवाय या घरात त्यांना एक दिवसही राहायचं नव्हतं आणि तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

"कोंबड्यांका कित्याक बोलतास?" सत्यवतीबाई बाहेर आल्या. "कळे मीच खुडलंय."

"अगो, पण तुझी अट?"

"आताच फुलूक दिली तर झाडाचो सगळो जीव फुलांत जाता, मुळां कच्ची रवतत. पुढल्या वर्सा बघ्या कशी फुलतत ती." त्या रोपांपाशी बसल्या. "जावा, चाय ठेवा."

परब आत गेले. साखर कुठे ठेवली आहे, ते या वेळी त्यांनी आधी बायकोला विचारलं.