रंगारी यायच्या आत

"हनुवटी जरा खाली," गुणसिंगम मास्तर म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

खू आंटींनी हनुवटी खाली घेतली, तशा गळ्याखालच्या कातडीच्या तीन घड्या झाल्या. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला हनुवटी खाली घ्यायला सांगू नये, हे मास्तरांच्या लक्षात आलं, पण तोवर बटण दाबून झालं होतं. कॅमेऱ्याच्या पाठीवरचं चित्र आंटींनी आधी हात लांब करून पाहिलं, मग नाकाशी आणून पाहिलं.

"हा माझा चेहरा आहे की कॅमेरॉन हायलँड्सचा घाट?"

"या भिंगातून असंच दिसतं, आंटी. हे किड्यांसाठी असतं."

"म्हणजे मी किडा?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. चौतीस वर्षं मलेशियातल्या ताइपिंगच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवताना त्यांनी हा उपाय शोधून काढला होता, आणि तो तेव्हाही फारसा लागू पडत नसे.

फोटो आंटींच्या मयतात ठेवायचा होता. मुलं ऐनवेळी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणतात आणि मग तीन दिवस लोक त्या भेदरलेल्या तोंडापुढे उदबत्त्या लावत बसतात. आपलं तसं होऊ नये, फ्रेम आधीच कपाटात तयार असावी, एवढंच आंटींचं म्हणणं. स्टुडिओतला पोरगा तोंड प्लास्टिकच्या बाहुलीचं करून देतो, म्हणून तो नको. आणि हे सगळं आत्ताच व्हायला हवं होतं, कारण चिनी नवं वर्ष आठ दिवसांवर आलं होतं. एकदा ते लागलं की पंधरा दिवस घरात मरणाचं नाव काढायची सोय नाही.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी सरळ नाही म्हटलं असतं. पण त्यांची शेंडी आंटींच्या हातात होती.

निवृत्त झाल्यावर मास्तरांना फोटोंचा नाद लागला आणि त्यांनी आधी पक्षी करून पाहिले. मातांगच्या खारफुटीत चिखलात उभं राहून राहून दोन वर्षांत गुडघ्यांनी संप पुकारला. मग घरातल्या घरात तेलाचे थेंब, साबणाचे फुगे, बर्फात गोठवलेल्या जास्वंदी असे प्रयोग झाले. इडलीच्या पिठात एक जास्वंद सापडली त्या दिवशी बायकोनं, तिलकवतीनं, तेही बंद पाडले. उरले किडे. आणि सगळ्या किड्यांत मास्तरांचा जीव अडकला होता तो पुढचे पाय जोडून बसणाऱ्या प्रार्थनाकीटकाच्या पिल्लांत.

करवंदाएवढी, सुकलेल्या फेसासारखी अंड्यांची पुडी. तिच्यातून सगळी पिल्लं एकाच सकाळी, अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडतात आणि पांगतात. मास्तरांचा हा क्षण दोनदा हुकला होता. एकदा ते दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडले होते, एकदा क्लांगला भाच्याच्या लग्नात. इपोहचा त्यांचा मित्र, निवृत्त बँक मॅनेजर, त्याला पहिल्याच झटक्यात जमलं होतं. तो फोटो त्यानं ग्रुपवर टाकल्याला वर्ष झालं, तरी अजून त्याला अभिनंदनाचे अंगठे येत होते.

या खेपेला पुडी मिळाली ती नेमकी शेजारच्या खू आंटींच्या फाटकावर, तिसऱ्या गजाला चिकटलेली. खरवडली तर फाटणार. म्हणून मास्तर पस्तीस दिवस रोज पहाटे आंटींच्या अंगणात स्टूल टाकून बसत होते. आणि उद्या, शनिवारी, रंगारी येणार होता. नव्या वर्षाला फाटक लालभडक हवं.

"तेवढा गज सोड म्हणून सांगेन त्याला," आंटी सोमवारी म्हणाल्या होत्या. "लोक हसतील, हसू देत. पण आधी माझा फोटो. माझ्या मनासारखा."

त्या गोष्टीला चार दिवस आणि चाळीसएक फोटो झाले होते. एकात त्या मेल्यासारख्या दिसत होत्या. ("मग बरोबरच आहे की," असं मास्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटले होते आणि ते आंटींना नेमकं ऐकू गेलं होतं.) एकात फार हसत होत्या. लोक म्हणतील, म्हातारीला जायची घाई झाली होती. एकात डावा कान मोठा आला. तो कान मोठाच होता, पण ते सांगण्याचं धाडस मास्तरांना झालं नाही.

"पुन्हा काढा," आंटी आता म्हणाल्या.

"आंटी, चेहरा आहे तोच येणार. मी काय नवीन लावू?"

आंटी उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात नवऱ्याची फ्रेम होती. केस चापून बसवलेला, पांढऱ्या शर्टातला देखणा तरुण.

"हा चौतीसचा असताना गेला. माझा फोटो याच्या शेजारी लागणार. येणारे जाणारे विचारतील, हा मुलगा का यांचा?" त्यांनी फ्रेमवरची धूळ बाहीनं पुसली. तिच्यावर धूळ नव्हतीच. "लोकांचं सोडा. पण यानं मला ओळखायला नको? हा मला बघून गेला तेव्हा मी तीसची होते."

मास्तरांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वैताग आला. सकाळचे आठ वाजत आले होते, ऊन फाटकावर चढत होतं आणि इथे ब्याऐंशीची बाई त्यांच्याकडे आपलं तिसावं वर्ष मागत होती.

"मला नाही जमत माणसांचे फोटो!" ते जवळजवळ ओरडलेच. "माणसं ऐकत नाहीत. खाली म्हटलं की वर बघतात."

"तुम्ही किड्यांना सांगता का, हनुवटी खाली म्हणून?" आंटींनी शांतपणे विचारलं. "त्यांच्यापुढे तास-तासभर गप्प बसता. मी रोज खिडकीतून बघते ना. मला दोन मिनिटं देता, आणि त्यातही शिकवता."

आंटी फ्रेम आत ठेवून आल्या आणि व्हरांड्यातली खुर्ची फाटकापाशी ओढून बसल्या. मास्तरांनी स्टूल ओढलं, फाटकाकडे पाठ करून बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. या वेळी ते काही बोलले नाहीत.

एक मिनिट गेलं, मग दुसरं. आंटींचा चेहरा रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा ताठ होता. मास्तर थांबले. खांदा भरून आला तरी थांबले. चेहरा हळूहळू सैल पडला, पण सैल पडल्यावर तो नुसताच थकलेला दिसायला लागला. मास्तरांनी बटणावरचं बोट हलवलं नाही.

मग आंटींची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

भुवया आधी वर गेल्या. तोंड थोडं उघडलं. डोळ्यांभोवतीच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हलल्या आणि त्यांच्यामधून कुणीतरी दुसरंच बाहेर बघायला लागलं, जत्रेत पहिल्यांदा आलेली पोर बघते तसं. मास्तरांनी हा चेहरा चार दिवसांत पाहिला नव्हता. खरं तर वीस वर्षांच्या शेजारातही पाहिला नव्हता.

आंटी कुठे बघत होत्या, ते त्यांना तत्क्षणी कळलं. तिसरा गज.

"अहो!" कुंपणापलीकडून तिलकवती ओरडली. तिच्या हातातली कपड्यांची बादली दणकन खाली आली. "अहो, मागे! मागे बघा ना! बाहेर येताहेत!"

मास्तरांच्या पाठीचा कणा आपोआप वळायला निघाला होता. त्यांनी तो दात आवळून धरला आणि बटण दाबलं.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "आंटी हलतील."

"डोकं फिरलंय का तुमचं? पस्तीस दिवस..."

"तिलका, गप्प."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. कॅमेरा हलू नये म्हणून त्यांनी कोपर पोटाशी घट्ट धरले. मागे अगदी हातभर अंतरावर काय चाललं असेल, हे त्यांना पाठ होतं, पुस्तकातून, इपोहवाल्याच्या फोटोतून. पण पाठ असणं वेगळं.

"मास्तर," आंटी ओठ न हलवता म्हणाल्या, "तुमची पिल्लं."

"ठाऊक आहे. किती आहेत?"

"मोजता येत नाहीत. एकमेकांना धरून खाली लोंबताहेत, शेवयांसारखी. आता एक सुटलं. बाई गं, किती ते लहान! त्याला डोळे आहेत, मास्तर." त्या एकदम थांबल्या. "बोलले तर फोटो बिघडेल ना?"

"नाही बिघडत," मास्तर म्हणाले. "तिकडेच बघा, आणि सांगत राहा."