खुब्याचा खाडा

माझी बायको सुंदरा रिक्षात मागे बसली की पुढचं चाक घोड्यासारखं उठतं. मग आमच्या लिंबायतचा रिक्षावाला मला पुढे लटकवून तोल सांभाळतो. खोटं वाटत असेल तर माझ्या हाताचे घट्टे बघा. हे वजन कानबाई देवीच्या प्रसादाच्या रोटांचं. रोट कुळाबाहेर द्यायचे नाहीत, उरवायचेही नाहीत. आमचं कूळ लहान, सुंदराचं मन मोठं.

यंदा नेमकी तिची पाठ धरली. सासू गेल्यावर कानबाई डोक्यावर घेऊन तापीवर निरोप द्यायचा मान पहिल्यांदाच तिच्याकडे आला होता, आणि श्रावण तोंडावर. धाकटी जाऊ इंदुबाई रोज विचारायला यायची, "बरं वाटतं का? नाहीतर मी आहेच."

"तू शेच, ते माले माहीत शे," म्हणत सुंदरा कमरेचा पट्टा आणखी आवळायची. मी तिला खाटेवरून उठू देत नव्हतो. पण जितका आराम, तितकी पाठ वाईट.

शेवटी सून उज्ज्वला आम्हाला भेस्तानच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण, निशा. पाठ दाबायचं सोडून म्हणते, "मासी, एक पगे उभा रहो."

सुंदराने पाय उचलला तशी त्या बाजूची कंबर कलली, एकीकडेच सुताचे जड बीम लादलेल्या हातगाडीसारखी.

"दुखते पाठ, पण दमलाय खुबा," निशा म्हणाली. "दर पावलाला सगळं अंग एका खुब्यावर येतं. वजन वाढलं, त्याची ताकद नाही वाढली."

"म्हणजे खुब्याचा खाडा आणि पाठीला डबल पाळी," मी म्हणालो. जन्म कापडाच्या लूमवर गेला, दुसरं काय सुचणार?

"खाडा नाही काका, थकलाय तो. वजन हळूहळू उतरवू, तोवर त्याला बळ देऊ. आता तुम्ही उभे राहा."

मी सुतासारखा बारीक. ऐटीत पाय उचलला आणि थेट उज्ज्वलाच्या अंगावर! सुंदरा इतकी हसली की पट्टा सुटून पंख्यात गेला. तो पंखा अजून उलटा फिरतो.

त्यानंतर ती भाकरी थापायची तीही बगळ्यासारखी एका पायावर. वजन उतरलं थोडंच. कंबर मात्र कलायची थांबली.

निरोपाच्या सोमवारी तिने कानबाई डोक्यावर घेतली. नाचली नाही, चालली. ढोलवाल्याला ताल सैल करावा लागला. गल्लीच्या वळणावर तिची उजवी बाजू किंचित खाली गेली. मला दिसलं, तिला त्याआधीच कळलं. थांबली.

"इंदू, ये वं." आणि स्वतःच्या हाताने कानबाई जावेच्या डोक्यावर ठेवली.

नदीकडे जाताना टेम्पोत मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"नाही हो. आजवर दुखल्याशिवाय काही खाली ठेवलंच नव्हतं. आज ठेवून पाहिलं."

माझ्यासारखा माणूस गप्प बसला, हीच या गोष्टीतली सगळ्यात मोठी थाप वाटेल तुम्हाला.

घाटावर पोचायला उशीर झाला. समुद्र जवळ, म्हणून नदीलाही भरती-ओहोटी; एव्हाना पाणी उतरून गेलेलं असायला हवं होतं. पण तापी पायरीशी पाणी धरून उभी. वजनदार बाई सावकाश येतेय म्हटल्यावर नदीलाही थांबावं लागतं.