पिंपातला श्वास

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात शिवदासची नवी होडी नारळी पुनवेच्या तोंडावर तयार होऊन किनाऱ्यावर उभी राहिली, आणि उभीच राहिली. नवी होडी पाण्यात जायची तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दारूचे दोन थेंब शिंपायचे आणि मग गावाने खांदा लावायचा, ही तिथली रीत. सरकारने दारूबंदी केली तेव्हा होड्यांचा विचार कोणी केला नव्हता. बाकीच्यांनी नारळपाण्यावर भागवून घेतले. पण शिवदासच्या घरात वडीलधारी म्हणजे त्याची आत्या नीराबाई, आणि ती म्हणाली, "न्हाय."

एवढे कमी बोललेली नीराबाई गावाने कधी पाहिली नव्हती. बाजारात ती मासळी घेऊन बसली की शेजारणीला आपला भाव स्वतःलाच ऐकू यायचा नाही. या एका गोष्टीवर मात्र तिची वाचा बसत असे. दारूबंदीच्या पहिल्याच वर्षी शिवदासच्या बापाची होडी तिनेच साधे पाणी शिंपडून सोडली होती. "चालतंय रं दादा," असे हसून म्हणाली होती. त्याच पावसाळ्याअखेरीस होडीही गेली आणि दादाही गेला. शिवदासला तिने पोटच्या पोरासारखे वाढवले, पण ते 'चालतंय' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून राहिले होते.

हातभट्टीची दारू झुडपाझुडपात मिळत होती. पण चोरीचा माल दर्याला कसा द्यायचा, म्हणून नीराबाईने तीही नाकारली. आणि तिचा हात लागल्याशिवाय होडी सोडण्यापेक्षा ती फोडून चुलीत घालीन, असे शिवदासने मनाशी ठरवले होते.

तेव्हा त्याचा मेहुणा चंदर म्हणाला, "शेठची भट्टी बघून येऊ या की!"

अलिबागच्या वाटेवर, माडांच्या बनात ही शेठची परवान्याची दारूभट्टी होती. बंदी आल्यावर शेठ मुंबईला गेला आणि राखणदार मोरू मागे राहिला. त्याने ती लोकांना दाखवायला सुरुवात केली. लांबलांबून गाड्या जोडून माणसे यायची, मोरूला सुके बोंबील द्यायची आणि रिकाम्या पिंपात डोके घालून आत मुरलेला वास घेऊन जायची. सरकारने सील ठोकलेल्या भट्टीतला वास, म्हणजे चोरीचा नव्हे.

होडीच्या सावलीत गाव बसले. जाण्यात अर्थ आहे का, यावर जुंपली.

"बघन्यासारखी जागा हाय," दादू म्हणाला. "मी डोकं घातलं न् बाहेर आलो तो बैलाला मामा म्हनत."

"बैल तुजा मामाच हाय," त्याची बायको रंगू म्हणाली. "आत वटवाघळं हायती नुस्ती."

"पन वास आनायचा कशात?" शिवदासने विचारले. बाटली आणावी तर वाटेत पोलीस.

म्हाताऱ्या भागोजीने तोड काढली. नीराबाईने तोंडभर श्वास घ्यावा, ओठ मिटावेत, आणि येऊन नाळेवर फुंकावा.

"मंग तिनं श्वास कसा घ्यायचा?"

"नाकानं. नाकाची वाट येगळी, तोंडाची येगळी."

हे सगळ्यांना पटले. खरी अडचण वेगळीच होती आणि ती बोलायची कोणाची छाती होत नव्हती. शेवटी रंगूच म्हणाली, "नीराबाय रेवदंड्यापावतर त्वांड मिटून? त्यापरीस होडीच भट्टीला न्या."

नीराबाई उठली आणि सरळ गाडीत जाऊन बसली.

मोरूने भट्टी राजवाड्यासारखी काठी फिरवून दाखवली. शिवदासचे कशातच लक्ष नव्हते. नीराबाई शिडीवर चढली, पिंपात कमरेपर्यंत वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. आली ती गाल फुगवून, डोळे भरून. वटवाघळांच्या घाणीने असेल, असे शिवदासला वाटले.

परतताना नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली. तो बाजारातला माणूस, नीराबाईला चांगला ओळखून होता. ती गप्प बसली आहे म्हणजे तोंडात काहीतरी आहे, हे त्याने बरोबर ताडले.

"काय आहे तोंडात?"

"श्वास हाय, सायेब," शिवदास म्हणाला. "सील केलेल्या भट्टीतल्या पिंपातला."

हवालदाराने डोके खाजवले. श्वासाबद्दल कायद्यात काही आठवेना. "उघडा तोंड. दारू असेल तर कळेलच."

शिवदासने हात जोडले. "किनाऱ्यावर ती उघडनारच हाय. तवर चला. दारू निघाली तर मना बेड्या घाला."

हवालदार गाडीत चढला आणि नीराबाईच्या ओठांवर नजर लावून बसला. कोळीवाड्याच्या तोंडाशी रंगू पाटी घेऊन उभीच होती. तिला राहवले नाही. "काय गं नीराबाय, काल तुजी कोलंबी नासकी निगाली म्हनं!"

गाडी थरथरली. नीराबाईचे कान लाल झाले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, पण तिने पदराचा बोळा ओठांवर दाबून धरला. शिवदासला भरून आले. या बाईने आयुष्यात कोणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता, आणि आज ती त्याच्यासाठी नासकी कोलंबी गिळत होती.

किनाऱ्यावर सगळे गाव जमले होते. नीराबाई उतरली, नाळेपाशी गेली, दोन्ही हात फळीवर टेकले आणि श्वास फुंकला. हवालदाराने झेप घालून मध्ये नाक खुपसले. तंबाखूचा वास आला, थोडा बोंबलाचा. तो हिरमुसून बाजूला झाला. पण तोवर गावाने खांदे लावले होते, आणि होडी रेतीवरून अशी सुटली, जणू तिलाच उशीर झाला होता.

नीराबाईने पहिल्यांदा रंगूला गाठले. त्यात बराच वेळ गेला आणि कोलंबीचा पूर्ण निकाल लागला. मग ती येऊन रेतीत बसली. होडी लाटेवर डुलत होती.

"आते, भट्टी कशी हाय?" शिवदासने विचारले. "बघन्यासारखी?"

"बघन्यासारखं काय न्हाय तिथं. रिकामं पिंप." तिने पदराने नाक पुसले. "सांजच्याला दर्यावरून आला का तुजा बा ओटीवर बसून घोटभर घ्यायचा न् मना हाक मारायचा. त्वांडाचा त्योच वास, शिवा. म्हनून वर याला येळ लागला."

शिवदासने होडीच्या नाळेकडे पाहिले.

"आता त्यो तुज्या होडीवर हाय," ती म्हणाली. "जा. चालतंय."