दसरूचे गुरुजी

दसरू खोटं बोलला ते एका वाक्यापुरतंच, पण ते वाक्य त्याला चांगले सहा महिने पुरलं.

एकोणीसशे एकोणसाठ सालची गोष्ट. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कॉलेजात फळ्यावर चिठ्ठी लागली, की वाद्यवृंदाला ढोलक वाजवणारा पाहिजे. वृंद म्हणजे तरी काय, तीन डोकी! पेटीवर गुणवंतराव, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, वृंदाचे सर्वेसर्वा, बासरीवर इसरू, आणि दिलरुब्यावर वच्छला, आलापल्लीच्या रेंजरसाहेबांची मुलगी. दसरू नागभीडजवळच्या खेड्यातला, धानाच्या बांधीतून सरळ कॉलेजात आलेला. त्यानं ढोलकावर चार थापा मारल्या आणि गुणवंतरावांचे डोळे चमकले.

"वा! कोणाजवळ शिकला?"

खरं उत्तर सोपं होतं. दसरूचा बाप नथ्थू गावच्या दंडारीत, म्हणजे झाडीपट्टीतल्या नाचगाण्याच्या खेळात, नाचायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरायची, त्या दिवसांत लुगडं नेसून, पायात चाळ बांधून तो उभा राहिला, की पाच गावचे लोक कामधाम विसरत. दहाव्या वर्षापासून दसरू बापाच्या मागं ढोलक वाजवत आला होता. पण समोर वच्छला बसली होती, आणि लुगडं नेसणारा बाप काही जिभेवर येईना.

"नागभीडले एक गुरुजी आहेत," तो म्हणाला. "त्यायच्याजवळ."

तालीम दर रविवारी दुपारी, सायन्सच्या खोलीत, बरणीतल्या सापांच्या साक्षीनं. आणि तिथं पहिल्याच दिवसापासून या गुरुजींचं पितळ उघडं पडू लागलं. दंडारीतला ढोलकवाला मात्रा मोजत नाही. तो नाचणाऱ्याच्या पायांकडे बघतो. पाय जड पडला तर थाप जड, पाय उडाला तर थाप उडती. इथं तर सगळे जेवायला बसल्यासारखे मांडी घालून! दसरूची नजर जमिनीवर पाय शोधत फिरायची, पाय काही सापडायचे नाहीत, आणि मग हात मोकाट सुटायचे.

"अरे, तू ढोलक वाजवून राह्यला, का गाडी पकडून राह्यला?" गुणवंतराव पेटी थांबवून विचारायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी भाता बंद केला. "दसरू, पुढच्या खेपेले जमलं नाई, तर आम्ही ढोलकाशिवायच वाजवू. मले वाईट वाटते, पण काय करू?"

दसरूला त्या रात्री जेवण गेलं नाही. बोर्डिंगातली पोरं त्याला मुलखावरून 'ओ झाडीपट्टी' म्हणून हाक मारत. साऱ्या चांद्यात त्याला नावानं बोलावणारी माणसं तीनच, आणि ती त्या खोलीत बसायची. ती खोली सुटली तर शहरात आपलं कोण?

पुढच्या रविवारी वच्छलेनं दिलरुबा खांद्याशी टेकवला आणि पातळाच्या काठाखालून उजवा पाय हळूच पुढं काढला. अंगठा तालात हलत होता.

"दसरूभाऊ, तुमी जमिनीवर काय शोधता ते समजलं मले," ती वर न बघता म्हणाली. "घ्या, हा पाय. आता पळू नका."

त्या 'भाऊ'नं दसरूचा जरा हिरमोड झाला, पण ताल सापडला. गुणवंतरावांनी मान डोलावली. दसरू राहिला.

जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. दुपारचा कार्यक्रम, मैदानावर मांडव. आणि नेमका त्याच दिवशी नथ्थू सकाळच्या गाडीनं आला. दर महिन्यासारखं तांदळाचं पोतं बोर्डिंगात टाकून तो लंगडत मांडवात शिरला. गुडघ्यानं दगा दिल्यापासून दोन वर्षं दंडार सुटली होती. त्याला पाहून दसरू घाईघाईनं पुढं झाला. त्यानं बापाला अगदी मागं, बांबूपाशी नेलं.

"बाबा, इथीच बसा. अन् कोणी विचारलं तर... दंडारीचं नका सांगू."

नथ्थूनं पोराच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. "नाई सांगत, बापा," तो म्हणाला.

रंगमंचावर ऐन वेळी एका प्राध्यापकांना शोभेची आठवण झाली. "मुलीला पुढं बसवा!" झालं, वच्छला पुढं गेली आणि दसरूच्या वाट्याला तिची पाठ आली. तिनं एकदा मागं वळून पाहिलं, पण करणार काय बिचारी!

पहिलं आवर्तन निभलं. दुसऱ्यात हात सुटला. इसरूच्या बासरीला धाप लागली, गुणवंतरावांनी पेटीवरून डोळे वटारले. दसरूची नजर रंगमंचाच्या फळ्यांवर पाय शोधत फिरली, सतरंजीवर बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून पार मागं गेली.

मागं नथ्थू उठून उभा राहिला होता. पोराच्या हाताखालची जमीन सरकतेय, हे साऱ्या मांडवात आधी त्याला कळलं. त्यानं वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि जागच्या जागी पावलं टाकायला सुरुवात केली. हातवारे नाहीत, गिरकी नाही, नुसते पाय. दंडारीत हाच माणूस लय चढवून ढोलकवाल्याला घामाघूम करायचा. आज त्यानं पेटीची संथ चाल धरली आणि दुखऱ्या गुडघ्यावरही पुरा भार देत ती सोडली नाही. लोक वळून बघू लागले, दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. दसरूला त्यातलं काही दिसलं नाही. त्याला बापाचे पाय दिसत होते, आणि हात त्यांच्यावर जाऊन बसला होता.

टाळ्या संपल्या तसे गुणवंतराव खाली उतरून तडक नथ्थूकडे गेले. "भाऊ, तुम्ही कोण? नाचता कुठी?"

"मी?" नथ्थू वहाणा चाचपडत म्हणाला. "मी बोर्डिंगचे तांदूळ आणतो जी." आणि तो लंगडत चालू लागला.

तोवर दसरू गळ्यात ढोलक तसाच घेऊन धावत आला होता. बापानं शब्द पाळलेला त्यानं ऐकला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं नथ्थूचा हात धरला.

"गुणवंतराव, मी सांगतलं होतं ना, नागभीडचे गुरुजी? ते हेच. माहा बाप. दंडारीत लुगडं नेसून नाचतात. यायच्याच पायावर मी वाजवाले शिकलो."

मागं वच्छला उभी होती. तिनंही ऐकलं. ऐकू दे!

"आता नाई नाचत जी," नथ्थू गुणवंतरावांना म्हणाला. "गुडघा दुखते." पण पोराचा हात त्यानं सोडला नाही.