नाल्यापलीकडचा हलका

वहाब पोस्टमनला चालायचा कंटाळा नव्हता. त्याला वावडं होतं ते फक्त नाल्यापलीकडच्या चढाचं. निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या टपालवाल्यांनी शहराचे हलके, म्हणजे वाटपाचे भाग, पाडले होते, प्रत्येकाला नंबर. बेगमपुरा सात, तो वहाबचा. पहाडसिंगपुरा आठ, तो बद्रीनाथचा. कारकुनानं पाकिटावर लाल पेन्सिलीनं आकडा टाकला की ज्याचं त्यानं उचलायचं, इतका सरळ कारभार. पण दोन्ही पुऱ्यांच्या मधे, नाल्यापलीकडं धनगरांची चार घरं होती. ती कुणाच्या हलक्यात, हे या दोन शहाण्यांनी कधी ठरूच दिलं नाही.

सोमवारी तिथल्या बानाबाईचं पाकीट आलं. कारकुनानं सात लिहिलं. वहाबनं खोडून आठ केलं. मंगळवारी बद्रीनाथनं आठ खोडून पुन्हा सात केलं. हा पोरखेळ शनिवारपर्यंत चालला. शेवटी पोस्टमास्तर खेकसले, तेव्हा वहाब तणतणत चढ चढला.

"भिकनचं हाय का? वाचा की, वहाबभाई," बानाबाई हात पुसत पुढं आली. तिचा एकुलता एक लेक भिकन फौजेत होता. ज्याला वाचता येत नाही त्याला पत्र वाचून दाखवायचं, हा पोस्टमनचा रिवाजच.

वहाब वाचू लागला. "आई, आमची पलटण लढाईवर निघाली. गाडी बेस्तरवारी सकाळी औरंगाबाद टेशनात थोडा वेळ थांबेल. खाली उतरू देणार नाहीत. तू फलाटावर ये. तुला बघून जातो."

त्यानं पत्राची घडी घातली.

"आज शनवार ना?" बानाबाईनं विचारलं.

"व्हय. बेस्तरवार परवाच गेला."

तिनं त्याच्या हातातलं पाकीट घेतलं. मग त्यावरच्या लाल आकड्यांवरून बोट फिरवलं. "ह्ये काय? लई गावं फिरून आलं का पत्र?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी वहाब सुटला असता. पण त्याला स्वतःचीच किळस आली. "नाय मावशी. सोमवारीच आलतं. आकडे आमचेच हायेत. मी चढ चढायचा आळस केला."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "भिकनला लिवा. म्हनावं, आई आली व्हती. गर्दीत तुला दिसली नाय, पर तिनं तुला डोळं भरून बघितलं."

"असं कसं लिहू, मावशी?"

"लढाईवर चाललंय लेकरू. आई आलीच नाय, ह्ये मनात घेऊन कशाला जावं त्यानं? लिवा."

वहाबनं लिहिलं. त्याचं अक्षर एरवी मोत्यासारखं. आज ओळ सरळ येईना. पाठवणारीच्या पत्त्यात त्यानं तिचं नाव लिहिलं, खाली आपला हलका सात टाकला आणि तिच्याकडं न बघताच तो चढ उतरू लागला.