आल्बिनाआजीचे सात स्वेटर

क्षितिजाने चांगलं व्हायचं ठरवलं त्याला वीस दिवस झाले होते आणि वीसही दिवस ती चांगली वागली होती. पुरावा फोनमध्ये होता. रोज एक चांगलं काम केलं की ॲपवर हिरवी खूण! एकदा संध्याकाळचे सात वाजले तरी काही घडेना, तेव्हा पठ्ठीने लिफ्टमध्ये शिरणाऱ्यांची बटणं दाबत चार फेऱ्या मारल्या होत्या. नववीतल्या मुलीला यापेक्षा जास्त काय जमणार?

पण सोमवारी मोठं काम सापडलं. सोसायटीच्या गेटशी लाल लुगडं नेसून भाजी विकणाऱ्या आल्बिनाआजीचा तिने लपून व्हिडिओ काढला. खाली लिहिलं, ‘एवढ्या उन्हात, या वयात, दोन जुड्या माठासाठी... प्लीज मदत करा.’ मागे रडवेली बासरी. बघता बघता साठ हजार लोकांनी पाहिला. आईने तो स्टेटसला ठेवला. गेटवर तांदूळ आले, चादरी आल्या. भर मार्चमध्ये स्वेटरसुद्धा आले.

आणि शुक्रवारी आजी आलीच नाही.

शनिवारीही जागा रिकामी. क्षितिजाचं वर्गात लक्ष लागेना. आजारी पडली असेल? की आपल्या मदतीने आजीचं भलं झालं, म्हणून आता यायची गरजच उरली नाही? हा विचार फार गोड होता, पण तिला तो पटेना.

मधल्या सुट्टीत ‘ब’ तुकडीतली रोवेना समोर येऊन उभी राहिली.

“तूच ना ती व्हिडिओवाली? आल्बिना माझी आजी आहे.”

“अय्या! कशा आहेत त्या?”

“शाळा सुटली की सायकल काढ. गिरीजला आमच्या वाडीवर ये आणि स्वतःच बघ.”

गिरीजला रोवेनाच्या मागोमाग क्षितिजा एका फाटकातून आत शिरली आणि ब्रेक दाबायलाच विसरली. केळींच्या रांगा, नारळ, विहीर, त्यापलीकडे दुमजली बंगला, दारात गाडी. आजी पाइप घेऊन अळूला पाणी घालत होती. ओट्यावर चादरींचा ढीग होता.

“घेऊन जा तुझं सामान,” आजी मागे वळूनही न बघता म्हणाली. “सात स्वेटर आहेत. मोजलेत मी.”

“आजी, मला वाटलं तुम्ही...”

“गरीब आहे?” आता ती वळली. “अगं, वाडी पिकते म्हणून विकते मी. माझी आई विकायची, मी विकते. मुलगा प्राध्यापक आहे, तो म्हणतो घरी बस. घरी बसून काय करू, भिंती बघू? ती चारशे बारावाली मनोरमा रोज एका जुडीसाठी माझ्याशी पाच मिनिटं भांडायची. गुरुवारी हात जोडून म्हणते, राहू द्या आजी, भाजी तुम्हालाच ठेवा. माझीच भाजी मला!”

रोवेनाला हसू आलं. आजीला नाही. तिने हातातला पाइप खाली टाकला.

क्षितिजाचे कान तापले. “मी आत्ता सॉरीचा व्हिडिओ करते, आजी. तुम्ही फक्त इथे केळीपाशी उभ्या...”

“परत फोन काढलास?”

तिने तो झटकन खिशात कोंबला. मग पुन्हा काढला, आजीच्या समोर साठ हजारवाला व्हिडिओ पुसला, पुन्हा कोंबला. हात नुसते शिवशिवत होते. “मग काय करू? सांगा ना!”

“ज्याचं त्याला देऊन ये. गेट पुन्हा भाजीचं होऊ दे, मग बघू.”

रिक्षात गाठोडी घालून क्षितिजा घरी आली. सायकल रोवेनाकडेच राहिली. आईने कपाळावर हात मारला. “लोकांच्या दारात जाऊन काय सांगणार तू? सगळ्या बिल्डिंगने तुझं कौतुक केलंय गं!”

“ते कौतुक चुकीचं होतं, तेच तर सांगायचंय.”

ती दुपार संपता संपेना. प्रत्येक दाराशी तेच वाक्य: “त्यांचा स्वतःचा बंगला आहे, त्यांना गरज नव्हती. मी त्यांना विचारलंच नव्हतं.” कुणी हसलं. कुणी धाडकन दार लावलं. एकाने “छान उपक्रम” म्हणत अजून एक चादर आणून दिली, ती तिथेच परत करताना तिच्या नाकी नऊ आले. मनोरमाकाकू तर स्वेटर हातात घेऊन लालबुंद झाल्या.

“म्हणजे बंगलेवाली आहे? आणि मी तिच्यासाठी हळहळत बसले? येऊ दे तिला!”

मेली मी, क्षितिजाला वाटलं. आता काकू आजीला उभंही करणार नाहीत.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आजी आली. टोपली उतरवली, पदर खोचला. क्षितिजा गेटच्या आत नखं खात उभी. तोच काकू तरातरा खाली उतरल्या.

“माठ कसा दिला?”

“वीस.”

“वीस? बंगला बांधून झाला ना आता? पंधराला द्या!”

“बंगल्यात माठ उगवत नाही, बाई. मातीत हात घालावा लागतो. वीस!”

“देठ बघा, किती जून आहेत!”

“तुमचे डोळे जून झालेत!”

पाच नाही, चांगली दहा मिनिटं जुंपली. आजीचा आवाज चढला, चेहरा फुलला. शेवटी काकू वीस रुपये आपटून आणि दोन मिरच्या फुकट उचलून गेल्या.

क्षितिजाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हे सगळं टिपायला हवं होतं! हात आपोआप खिशाकडे गेला.

“ए व्हिडिओवाली, नुसती उभी काय राहतेस? केळफूल सोलता येतं?”

“नाही.”

“मग बस. शीक.”

ती फतकल मारून बसली. आजीने हाताला तेल लावायला सांगितलं होतं, पण हिने घाईत पहिलं पान आधीच उलगडलं. चिकट चिकाने बोटं काळी पडायला लागली. खिशात फोन थरथरला. आज सत्ताविसावा दिवस, ॲपवरची हिरवी खूण अजून बाकी.

“हात पुसू का, आजी?”

“अजून चार फुलं आहेत.”

फोन पुन्हा थरथरला. क्षितिजाने दुसरं फूल ओढलं.